चवथीच्या आरतीत शिरलेला विषाणू

मित्रांनो, मी एक जुना विषाणू आहे. कागदोपत्री माझे नाव इन्फ्लुएन्झा. तुम्ही मला फ्लू म्हणता, आणि घरातली मोठी माणसे तर नावही घेत नाहीत. कोणी म्हणते हवा बदलली, कोणी म्हणते पावसात भिजल्याचा ताप, कोणी मला दृष्ट समजून मीठ-मिरच्या ओवाळते. इतकी वर्षे घरोघर राबून हा मान. पण तक्रार करायलाही अंगात जोर लागतो, आणि तो माझ्याकडे कधीच नव्हता.

मी जुना आहे असे म्हणालो, आणि खरे सांगायचे तर मी आज सकाळीच जन्मलो आहे. माझे असेच असते. मी मरतो, पण मरण्याआधी माझ्यासारखे हजारो करून जातो, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःला मीच समजतो. म्हणून मी म्हातारा होतो, पण मला विश्रांती अशी मिळत नाही.

मी खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. मला जिवंत म्हणावे की नाही यावर शहाणी माणसे अजून वाद घालतात. तुमच्या एका केसाच्या जाडीवर आम्ही सात-आठशे जण ओळीने उभे राहू, एवढा मी लहान. आत आठ धागे, त्यावर मला घडवण्याची कृती लिहिलेली, आणि बाहेर चरबीचा एक पातळ अंगरखा. तोही माझा नव्हे, ज्याच्या घरातून निघालो त्याचाच ओरबाडून आणलेला. अंगरख्यावर दोन तऱ्हेच्या खुंट्या असतात. एकीने चिकटायचे, दुसरीने सुटायचे. एवढ्या सामानावर मी सारे जग हिंडलो.

आमचे मूळ कूळ पाणबदकांचे. त्यांच्या आतड्यात आम्ही गुण्यागोविंदाने राहत होतो. बदकाला त्रास नाही, आम्हाला घाई नाही. मग कधीतरी कोणाच्या तरी आठ धाग्यांची कोणाच्या तरी आठ धाग्यांशी सरमिसळ झाली आणि आम्ही माणसाच्या घशात येऊन पडलो. माझे हे घराणे अडुसष्ट सालापासून माणसांतच आहे. तेव्हापासून कोणा पोराचा वाढदिवस बुडवला, कोणाची परीक्षा बुडवली, कोणाचा माणूसच नेला. मी ते ठरवून केले नाही, पण केले मीच.

आता ज्या गावची गोष्ट सांगतो ते पेडण्यातले चोपडे. गोवा राज्य झाल्याला तेव्हा तीन महिने होत आले होते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दोन दिवस उरले होते आणि सारा पेडणे तालुका गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीचे सामान आणायला म्हापशाच्या बाजारात लोटला होता. परतताना शिवोली-चोपडे फेरीबोटीत माणसे इतकी दाटली होती, की एकाने खोकावे आणि दहा जणांनी ते श्वासात घ्यावे. मी एका भाजीवाल्याच्या खोकल्यातून निघालो आणि त्याच्या पुढ्यात सुपाऱ्यांचा घड धरून उभ्या असलेल्या बाबलीच्या नाकात शिरलो.

बाबली चाळिशीचा, सुतारकाम करणारा आणि घुमट हे चामडे ताणलेले मडके वाजवण्यात तालुक्यात ज्याचे नाव घ्यावे असा गडी. त्याच्या घशातल्या पेशीला मी खुंटीने धरले. पेशी भोळी असते, दाराशी आलेले आत घेते. तिने मला पिशवीत बांधून आत ओढले आणि मला जिरवण्यासाठी त्या पिशवीत आंबट पाझरवले. गंमत अशी, की त्या आंबटानेच माझी खुंटी उलटते आणि माझा दरवाजा उघडतो. मला मारायला आणलेले औषध मला किल्लीसारखे उपयोगी पडते. मग माझे आठ धागे सुटून थेट पेशीच्या केंद्रकात जातात, जिथून त्या घराचे हुकूम निघतात.

तिथे मी जे करतो ते सांगताना मला लाज वाटते. पेशीच्या स्वतःच्या चिठ्ठ्या तिथे तयार होत असतात. मी त्यांची डोकी कापतो आणि माझ्या चिठ्ठ्यांना चिकटवतो. बाहेरच्या कामकऱ्यांना वाटते, हुकूम मालकाचाच आहे. ते आपली कामे टाकून माझ्या खुंट्या घडवतात, माझे धागे विणतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. घाईत विणताना चुका होतात, तपासणारे कोणी नाही. त्या चुकांमुळे दर वर्षी माझा चेहरा थोडा बदलतो आणि गेल्या वेळी मला ओळखणारे शरीर यंदा बुचकळ्यात पडते. आठ-दहा तासांत हजारो नवे मी पेशीच्या कातडीचे तुकडे पांघरून बाहेर पडतात. दमलेली पेशी मागे मरून जाते. आणि आम्ही लगेच शेजारचे दार ठोठावतो. बसायला म्हणून कोणी थांबत नाही.

मला कान नाहीत. पण ज्याच्या घशात मी राहतो त्याचे बोलणे माझ्या अंगावरूनच बाहेर जाते, आणि त्याने ऐकलेले बोल आधी त्याच्या घशात दाटतात. म्हणून पुढचे मला ठाऊक आहे.

चवथीच्या दिवशी दुपारी बाबलीचे अंग तापले. त्याची बायको पार्वती म्हणाली, "अंग चुलीसारख्या झाला हा. आज आरतीक जाव नको."

बाबली म्हणाला, "आज गेलंय नाय, तर बुवा म्हणतले, बाबल्याचो राग अजून गेलो नाय."

हे बुवा म्हणजे मधुकर, वय बासष्ट, गावच्या आरतीचे म्होरके. डिचोलीच्या एका खाणीवर पंचवीस वर्षे काढून ते चार वर्षांमागे घरी बसले होते. बाबलीला घुमट त्यांनीच शिकवले. पण राजभाषेचा वाद पेटला तेव्हा बुवा मराठीच्या बाजूने सभेला गेले आणि बाबली कोकणीच्या. दोघांनी एकमेकांना भर बाजारात नाही नाही ते ऐकवले, आणि तेही त्याच एका घरच्या बोलीत. बोलणे बंद झाले. गेल्या चवथीला बाबली आरतीला गेला नाही आणि बुवांच्या घरच्या गणपतीपुढे घुमट वाजले नाही. यंदा बुवांनी आपण होऊन निरोप धाडला होता, की पहिली आरती आमच्याकडे, आणि घुमट बाबल्याचे.

अशा निरोपाला 'ताप आहे' हे उत्तर कोणी खरे मानत नाही. निदान बाबलीला तसे वाटले. त्याने तापाची गोळी घेतली, घाम पुसला आणि घुमट गळ्यात अडकवून निघाला.

मित्रांनो, तुमच्या या मुलखात एक गोष्ट मला फार दिवस कळली नव्हती. सुतक असलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, कोणाला शिवत नाही, वेगळ्या ताटात जेवतो, आणि त्याला कोणी वाईट म्हणत नाही. पण ताप असलेला माणूस मात्र सगळ्यांच्या मधोमध येऊन बसतो, आणि आला नाही तर वाईट ठरतो. माझ्यासारख्याला याहून सोयीची रीत कुठली सापडणार?

बाहेर पाऊस झोडपत होता, म्हणून बुवांच्या घराची सगळी जनेलं, म्हणजे खिडक्या, ओढून घेतलेली. आत वीस माणसे, घुमट, शामेळ नावाचा ढोलका, झांजा, आणि भरल्या गळ्याने एकामागून एक आरत्या. सुमंगला, म्हणजे बुवांची बायको, करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत चुलीपाशी होती. त्यांची मुलगी सुविधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता. घुमटाचा दणका पोटातल्या पोराला सोसायचा नाही म्हणून आईने तिला मागच्या पडवीत बसवले होते. ती पुढे आली असती, तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

आरती संपली तेव्हा बुवांनी शंख उचलला. त्या घरची पद्धत अशी, की तोच शंख तिघांनी एकापाठोपाठ फुंकायचा. बुवांनी तो आधी बाबलीपुढे धरला.

"पयलो तू फुक," ते म्हणाले. "गेल्या वर्साचो रवलेलो हा."

नाही म्हणण्याची ती वेळ नव्हती. बाबलीने डोळे मिटून शंख फुंकला. बुवांनी तो उपरण्याच्या टोकाने पुसला आणि ओठांना लावला. उपरण्याने मी पुसला जात नाही. त्या क्षणी घरातली माणसे हसत होती, दोन वर्षांनी गुरू आणि शिष्य शेजारी उभे होते, आणि मी बुवांच्या घशात उतरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलीला पाठ टेकल्यावाचून राहवेना. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, ही साथ आहे. घरात म्हातारे किंवा गरोदर बाई असेल तर जपा. बाबलीने पार्वतीला जवळ बोलावले आणि तापाने फुटलेल्या ओठांनी तिला बुवांकडे जाऊन सगळे सांगून यायला सांगितले. माझ्या अंगावरून त्या दिवशी गेलेले ते सर्वांत जड शब्द होते.

पार्वती बुवांच्या अंगणात तुळशीपाशीच उभी राहिली, पायरी चढली नाही. ती म्हणाली, "बुवा, राग मानू नकात. काल आमच्या ह्यांका ताप होतो. ताप घेवनच ते आरतीक इले. डाक्टर म्हणता, साथ असा. घरात सुविधाबाय असा, म्हणान सांगाक धाडल्यानी."

मला वाटले होते, आता जुने भांडण पुन्हा निघणार. पण ते एवढेच म्हणाले, "सांगलंस ता बरा केलंस."

त्यांनी जागचे उठून परसातली वाट धरली. परसाच्या टोकाला काजूच्या बागेकडे त्यांचा मांगर होता, म्हणजे नारळ-काजू ठेवायची एकखणी खोली. तिथे त्यांनी चटई टाकली. सुमंगला मागोमाग आली तर तिला त्यांनी दाराच्या दहा पावले अलीकडेच थांबवले.

"तुमका ताप खंय इलो हा?" ती म्हणाली. "उगाच मांगरात कित्याक?"

"येतलो," बुवा म्हणाले. "खाणीर धुरळो खावन माझी छाती खराब झाली हा, माका चुकाचो नाय. पण सुविधाक लागता कामा नये. आजपासून माका सुतक असा, असा समज."

मित्रांनो, माणसाने माझ्यावर डाव टाकलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. माझी खरी चाल काय, ते बुवांना ठाऊक नव्हते, पण त्यांचा हात नेमका तिथेच पडला. माणसाला ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच मी त्याच्या श्वासातून बाहेर पडू लागतो. तो स्वतःला धडधाकट समजून सगळ्यांत वावरतो, तेच माझे सुगीचे तास. बुवांनी तेच तास माझ्या हातून काढून घेतले. बाबलीने लाज गिळून सांगितले नसते, तर ते त्यांना साधले नसते.

सुतकाचे सगळे नियम पाळले गेले. सुमंगला पेजेचा टोप आणि एक पाव दगडी कट्ट्यावर ठेवून मागे सरायची, मग बुवा बाहेर यायचे. भांडी ते स्वतः साबणाने घासायचे. साबण म्हणजे माझा काळ; चरबीच्या अंगरख्याला तो लागला की मी जागच्या जागी विरघळतो. बुवांनी घरात बाहेरच्या माणसांची आरतीही बंद केली. पाच दिवसांचा गणपती, आणि त्याच्यापुढे मायलेकींनी हळू आवाजात म्हटलेली आरती तेवढी. गावाला ते रुचले नाही. शेजारचा विठू परसाच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन उभा राहिला.

"बुवा, कोणाचा सुतक?" त्याने विचारले.

"कोणाचा नाय," बुवा म्हणाले. "कोणाचा येव नये, म्हणान."

विठूने ते गावभर नेले. काही हसले. तोवर त्या आरतीतले अकरा जण अंथरुणाला खिळले होते, आणि मग हसणे कमी झाले.

तिसऱ्या दिवशी बुवांना ताप भरला. त्यांच्या शरीराने मला पूर्वी पाहिले होते, माझ्या एका जुन्या चेहऱ्याला. ते थोडे ओळखायचे, थोडे चुकायचे. अंग दुखते, ताप चढतो, ते सारे माझे करणे नव्हे, ती शरीराची स्वतःची झुंज असते. पण झुंज घरातच चालली तर भांडी घरातलीच फुटतात. त्यांच्या छातीत खाणीची तांबडी धूळ आधीच बसलेली होती. मी वाटेतल्या पेशी सोलत गेलो आणि उघड्या पडलेल्या जागी दुसरे जंतू घुसले. मी त्यांना बोलावले नव्हते, पण दार मीच फोडले होते. बुवांना चार पायऱ्या चढायला दोन वेळा थांबावे लागू लागले. डॉक्टर मांगरात येऊन सुया टोचून जाऊ लागले. मला या छातीत राहायचा कंटाळा आला होता, पण मला थांबवता येत नाही.

विसर्जनाला फोंड्याहून जावई सुदेश आला आणि त्याने गणपती डोक्यावर घेतला. बुवांनी मांगराच्या दारातून हात जोडले. उठून उभे राहायला त्यांना जमले नाही.

त्याच दिवशी बाबली मांगरात शिरला. त्याचा ताप उतरला होता, पाय अजून लटपटत होते. बुवांनी हात वर करून त्याला अडवले, तर तो म्हणाला, "माका काय होवचा नाय, बुवा. डाक्टराक इचारून इलंय. एकदा येवन गेलो, आता मी बसाक हरकत नाय."

आणि ते खरे होते. त्याच्या शरीराने माझा हा चेहरा आता पुरता ओळखला होता. मी बुवांच्या श्वासातून त्याच्या नाकात गेलो आणि दारातच मारला गेलो. घरच्या कोणालाच बुवांजवळ बसता येत नव्हते, बाबलीला येत होते. तो त्यांना कण्हेरी भरवी, पाठ चोळी, पाणी गरम करून काचेच्या कोपात देई.

एकदा बाबली खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी इलो नसतंय तर बरा जाला असता."

बुवांना एका दमात बोलता येत नव्हते. "नाय इलो असतंस," ते म्हणाले, "तर मी काय समाजलो असतंय?"

"राग असा म्हणान."

"मगे? माणसाक ताप घेवन येवचा लागता, असो मी माणूस. चूक तुझी एकट्याची नाय."

बाबली रडला. बुवांनी त्याला रडू दिले. भाषेचा विषय दोघांपैकी कोणी काढला नाही.

दोन दिवसांनी सुविधाला कळा सुरू झाल्या. सुदेशने तिला फेरीतून म्हापशाच्या इस्पितळात नेले. बुवा दिवसभर मांगराच्या दाराकडे बघत होते. संध्याकाळी बाबली धावत आला आणि म्हणाला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बुवांनी दाराकडची नजर काढली आणि ते दिवसभरात पहिल्यांदा आडवे झाले.

आता मित्रांनो, मी तुम्हाला सांगण्याइतका उरलो आहे तोवर ऐका. मला कोणी आमंत्रण देत नाही, तरी मी येतो, आणि मला दार उघडून देते ती तुमची भीड. आरतीला नाही गेलो तर काय म्हणतील, शाळा बुडली तर काय म्हणतील, एवढ्यासाठी तुम्ही मला बरोबर घेऊन हिंडता. ताप आला तर सांगत जा. आपल्या माणसांपासून चार दिवस लांब बसा. आणि ज्याने सांगितले त्याच्यावर राग धरू नका, कारण त्याने सांगायचे बंद केले की मी मोकळा.

आज सकाळी सुविधा इस्पितळातून घरी आली. घरात जाण्याआधी ती परसातून मांगराकडे वळली. फडक्यात गुंडाळलेली मुलगी तिने छातीशी धरली होती. बुवांचा ताप उतरून दोन दिवस झाले होते, खोकला कमी झाला होता. त्यांच्या घशात आम्ही अगदी थोडे उरलो होतो, पण होतो.

"बाबा, घेवा हिका," सुविधा म्हणाली. "आता ताप नाय मां?"

बुवांचे दोन्ही हात पुढे झाले. मी त्यांच्या श्वासाच्या टोकाशी होतो. एवढ्या कोवळ्या घशात मी काय करीन ते मला ठाऊक आहे, आणि मला स्वतःला अडवता येत नाही. मग त्यांनी हात मागे घेतले आणि तोंड भिंतीकडे केले.

"थंयच रव," ते भिंतीशी बोलले. "डाक्टर म्हणतले, त्या दिसा घेतंय. घरात व्हर तिका."

सुविधा रडत घरात गेली. बुवा तसेच भिंतीकडे तोंड करून बसले आहेत, आणि त्यांच्या घशातला मी तासातासाने कमी होतो आहे. उद्या-परवा ते मांगराबाहेर येतील, साबणाने हात धुतील आणि नातीला मांडीवर घेतील. ते मला दिसायचे नाही, कारण मी असेपर्यंत ते तिला घेणार नाहीत.